नक्कल, यादी आणि तारीख

बीड सोडून दक्षिणेकडे निघालेला धुळे-सोलापूर महामार्ग बालाघाटच्या डोंगररांगेंतील घाट चढून वर आला म्हणजे मांजरसुंब्याचा फाटा लागतो. एक रस्ता पाटोद्याकडे, एक नेकनूर-केजकडे, एक चौसाळ्याकडे आणि एक मागें बीडकडे, अशा चार वाटा येथें एकत्र येतात. मन्मथस्वामींचें कपिलधार येथून जवळच. आणि ऊसतोडीचा हंगाम आला कीं चुलीभांडीं, कोयते व पोरेंबाळें घेऊन कारखान्यांकडे निघालेल्या कुटुंबांच्या मालमोटारीही ह्याच बाजूनें जातात. गेल्या हिवाळ्यांत अंबाजोगाईहून परततांना आम्ही ह्या फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभे होतों. बरोबर आमचा एक विद्यार्थी होता. शेजारींच उभ्या असलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यानें आमच्या हातांतील पुस्तक पाहून, हीं माणसें शिकलेलीं दिसतात, असा कयास बांधला असावा. पटक्याच्या पदरांतून घडी केलेला एक कागद काढून त्यानें पुढें केला व म्हटलें, “साहेब, पोराच्या केसची तारीख ह्याच्यावर हाय का, तेवढं बघता का?”

कागदावर तारीख नव्हती. एका कोपऱ्यांत कोणींतरी सोळा अक्षर-अंकांचा एक क्रमांक तेवढा लिहून ठेवला होता. मुलगा जामिनावर सुटून बायकोसह कारखान्यावर गेलेला. मागची तारीख कधीं होऊन गेली व पुढची कोणती, हें घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. म्हणून बाप एक दिवसाची मजुरी बुडवून बीडच्या कोर्टांत ती विचारावयास निघाला होता. “बाबा, वकील कोण आहे?” असें आम्हीं विचारतां, “सरकारनं दिलाय, फुकट हाय,” असें उत्तर आलें. आमच्या विद्यार्थ्यानें तो क्रमांक आपल्या मोबाइलमध्यें घातला आणि एस.टी. येण्यापूर्वींच पुढील तारीख, कोर्टाचें नांव व मागील तारखेस काय झालें तें सारें वाचून दाखविलें. म्हातारा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “एवढ्यासाठी मी बीडला चाललो होतो, साहेब.”

त्या “एवढ्यासाठी”वर आम्ही परतीच्या वाटेवर बराच विचार केला. गरिबाच्या बचावाचा इतिहास लिहावयाचा तर आपण सामान्यतः थोर न्यायाधीशांचे निकाल आणि कायद्यांचीं कलमें सांगतों. तीं सांगितलींच पाहिजेत. परंतु त्या इतिहासाची दुसरी एक बाजू आहे, आणि ती कागदाची आहे. आरोपीस वकील मिळण्यापूर्वीं, मिळाल्यावर आणि खटला संपल्यावरही त्याच्या हातीं तीन कागद वेळेवर पडावे लागतात : त्याच्यावर काय आरोप आहे व काय निकाल झाला हें सांगणारी नक्कल, तो कोठें अडकून पडला आहे हें इतरांस कळविणारी यादी, आणि त्यानें केव्हां हजर व्हावयाचें हें सांगणारी तारीख. ह्या तिहींपैकीं एक जरी चुकला तरी उत्तम वकील आणि उदार कायदा दोन्हीही लंगडे पडतात. आज जिल्ह्याच्या ठिकाणीं गरिबांच्या बचावाच्या कचेऱ्या निघाल्या आहेत व तेथें संगणक आले आहेत. अशा वेळीं यंत्रानें काय साधलें आणि काय साधावयाचें राहिलें, हें ह्या तीन कागदांच्या मापानें मोजून पाहावें, असा आमचा विचार आहे.

आपल्याकडे जुन्या काळीं वादाचा निवाडा गोतसभेंत होई. वादी-प्रतिवादी आपापल्या तकरिरी लिहून देत, जामीन देत, आणि निवाडा झाल्यावर महजर होई. जिंकणारा हरकी भरी व हरणारा गुन्हेगारी. शिवाय हरणारा आपण खोटे ठरलों असें यजितखत जिंकणाऱ्यास लिहून देई. त्या पद्धतीचे दोष थोडे नव्हते; जातीचा व वतनाचा दाब तींत पुरेपूर होता, आणि अंगमेहनतीच्या माणसास तेथें किती वाव मिळे ह्याची कल्पना वाचकांस असेलच. परंतु तिचा एक विशेष ध्यानांत घेण्याजोगा आहे. निवाड्याचा कागद पक्षकाराच्या घरीं राही. वतनदारांच्या घरांतून महजर व निवाडपत्रें आज संशोधकांच्या हातीं येतात, तीं ह्याच कारणामुळें. न्याय कसाही झालेला असो, त्याचा पुरावा माणसाच्या स्वतःच्या संदुकींत असे.

पुढें सरकारी न्यायकचेऱ्या स्थिर झाल्या आणि कागद दफ्तरांत गेला. मूळ मिसल सरकारची. पक्षकारास हवी तर त्यानें अर्ज करावा, फी भरावी, नक्कलनवीसाची पाळी येईपर्यंत थांबावें. ही रचना कागद सुरक्षित राखण्यास चांगली होती. परंतु तींत कागद मिळणें ही एक वेगळी खटपट होऊन बसली, आणि ती करण्यास पैसा, वेळ व अक्षरज्ञान तिन्ही लागूं लागलीं. बीडच्या रयतेस आणखी एक अडचण होती. हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि तेथील सरकारी कामकाज पूर्वीं फारसींत व १८८४ सालापासून उर्दूंत चाले. मराठी शेतकऱ्यानें आपली हकीकत मराठींत सांगावी, अर्जनवीसानें ती उर्दूंत उतरावी, आणि निकालाची नक्कल मिळाली तरी ती वाचून घेण्यासाठीं पुन्हां दुसऱ्याच्या दारीं जावें, असा तो प्रकार होता. अर्जनवीसाचा बोरू हें त्या काळचें यंत्रच समजावयाचें. तें ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं पक्षकाराची मान.

ही अडचण केवळ आपलीच होती असें मात्र नाहीं. स्कॉटलंडच्या पार्लमेंटनें १४२४ सालींच गरिबास वकील द्यावा असा कायदा केला होता. इंग्लंडांत सातव्या हेन्रीच्या कारकीर्दींत १४९५ सालीं जो कायदा झाला, त्यांत गरिबास नुसता वकील देऊन राजा थांबला नाहीं. दाव्याचे हुकूमनामे लेखकांनीं फी न घेतां लिहून द्यावेत, असेंही त्यानें ठरविलें. लेखणी फुकट नसेल तर वकील फुकट असून उपयोग नाहीं, ही गोष्ट त्या लोकांना पांच शतकांपूर्वीं उमगली होती. गरिबांच्या बचावासाठीं सरकारी पगाराचा स्वतंत्र वकील असावा, ही कल्पना क्लारा फोल्ट्झ ह्या अमेरिकन वकील बाईंनीं १८९३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळीं मांडली. खटला चालविण्यास सरकारचा पगारी वकील असतो, मग बचावास कां नसावा, असा त्यांचा साधा सवाल होता. लॉस एंजेलिस येथें १९१४ सालीं अशी पहिली कचेरी उघडली. इंग्लंडांत गरीब कैद्यांच्या बचावाचा कायदा १९०३ सालीं झाला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ सालीं कायदेविषयक मदतीची व्यापक योजना तेथील पार्लमेंटनें मंजूर केली.

आपल्याकडे मुंबईंत १९२४ सालीं लीगल एड सोसायटी निघाली. परंतु तिचें काम शहरापुरतें. त्याच १९४९ सालीं मुंबई सरकारनें न्यायमूर्ति न. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखालीं ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं समिति नेमली. येथें वाचकांनीं नकाशा पुढें ठेवावा. अहमदनगर जिल्ह्याची सीमा ओलांडली कीं बीड जिल्हा लागे, आणि तेथें मुंबई सरकारचा अंमल नव्हता. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद राज्य भारतांत आलें होतें. तेथें १९४९ सालीं विशेष न्यायासनांपुढें तेलंगणांतील शेतकऱ्यांवर खुनाचे खटले चालले व कित्येकांस फांशीची शिक्षा झाली. आपणांस वकील करण्याची संधि मिळाली नाहीं, ही तक्रार घेऊन ते सर्वोच्च न्यायालयांत गेले. जनार्दन रेड्डी विरुद्ध हैदराबाद राज्य हा तो १९५१ सालचा खटला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९३२ सालीं, प्राणदंडाच्या खटल्यांत असहाय आरोपीस वकील देणें हें न्यायालयाचें कर्तव्य आहे, असा निर्णय दिलेला होता. आपल्या न्यायालयानें मात्र, आरोपीस वकील नव्हता एवढ्यावरूनच सारा खटला रद्द ठरतो, असा सरसकट नियम मान्य केला नाहीं. एकाच वर्षीं, एका सीमेच्या अलीकडे गरिबास वकील कसा द्यावा ह्याचा खल चालला होता आणि पलीकडे वकिलाच्या अभावीं माणसें फांशीच्या कोठडींत बसलीं होतीं. बीड त्या पलीकडच्या राज्यांत होतें, हें येथील लोकांनीं विसरूं नये.

१९५६ च्या नोव्हेंबरांत मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला व १९६० सालीं महाराष्ट्र झाला. कचेऱ्यांतून टंकयंत्रें वाढलीं. गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं भारतीय बनावटीचें टंकयंत्र काढलें होतें. कार्बनचा कागद घालून एका वेळीं तीनचार प्रती निघूं लागल्या, पुढें सायक्लोस्टाइल आलें, आणि मग झेरॉक्सच्या यंत्रानें नक्कल हा मिनिटांचा व्यवहार करून टाकला. म्हणजे नक्कल करण्याची मेहनत प्रत्येक पिढीस कमी होत गेली. पण नक्कल करणें निराळें व ती योग्य माणसाच्या हातीं पोहोंचणें निराळें. हा भेद आमच्या मतें सर्व विषयाचा गाभा आहे, आणि तो सिद्ध करणारा खटला महाराष्ट्रांतलाच आहे.

होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला १९७८ सालच्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें आला. विद्यापीठाच्या बनावट पदवीपत्रासंबंधाचा तो गुन्हा होता, आणि आरोपी चांगला शिकलेला, विद्यापीठांत अध्यापन करणारा मनुष्य होता. सेशन्स कोर्टानें त्याला कोर्ट उठेपर्यंतची साधी कैद दिली. मुंबई हायकोर्टानें नोव्हेंबर १९७३ मध्यें ती वाढवून तीन वर्षें केली. वरच्या न्यायालयांत जाण्यास त्याला चार वर्षांहून अधिक उशीर झाला. तोंपर्यंत शिक्षा भोगूनही झाली होती. उशीर कां? हायकोर्टाच्या निकालाची नक्कल आपणास मिळालीच नाहीं, असें त्याचें म्हणणें. नक्कल तुरुंगाकडे पाठविली होती, असें कचेरी सांगत होती. कैद्यास ती पोहोंचल्याची सही मात्र नव्हती. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्याचा अर्ज फेटाळला. परंतु त्या निमित्तानें जो नियम घालून दिला तो फार मोलाचा आहे. निकालाची प्रत कैद्यास विनामूल्य व त्वरित मिळाली पाहिजे. ती मिळाल्याची लेखी पोंच तुरुंगाधिकाऱ्यानें घेतली पाहिजे. आणि अपील करूं इच्छिणाऱ्या असमर्थ कैद्यास वकीलही मिळाला पाहिजे. एका शिकलेल्या माणसाची ही गत, तर सहीऐवजीं अंगठा उठविणाऱ्या माणसाची काय झाली असेल, ह्याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

नकलेनंतर यादी. १९७३ च्या फौजदारी संहितेनें सेशन्स खटल्यांत सरकारी खर्चानें वकील देण्याची तरतूद केली, आणि १९७६ च्या घटनादुरुस्तीनें एकोणचाळीस-अ हें मार्गदर्शक कलम घटनेंत आलें. परंतु कायदा कचेरींत आणि माणूस कोठडींत, ह्यांची गांठ घालणार कोण? १९७९ सालीं बिहारच्या तुरुंगांतील हुसैनआरा खातून व इतर कैद्यांचें प्रकरण न्यायालयापुढें आलें, तेव्हां आरोप शाबीत झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती तिच्याहूनही अधिक काळ कित्येक लोक नुसते चौकशीच्या नांवाखालीं अडकून पडलेले आढळले. त्यांना कोणी मुद्दाम छळीत होतें असें नव्हे. ते कोणाच्याच यादींत नव्हते. १९८१ सालच्या खत्री खटल्यांत, पैसा नाहीं ही सबब राज्यास सांगतां येणार नाहीं, व आरोपीस त्याचा हक्क मॅजिस्ट्रेटनेंच समजावून सांगितला पाहिजे, असें न्यायालयानें बजाविलें.

महाराष्ट्राचें नांव ह्या प्रकरणांत पुन्हां १९८३ सालीं येतें. मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांची स्थिति पाहून पत्रकार शीला बर्वे यांनीं नव्हे, शीला बारसे यांनीं (हें आडनांव पुष्कळ वेळां चुकीचें छापलें जातें) सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिलें. त्या पत्राचाच अर्ज झाला. न्यायालयानें निर्मला निकेतन ह्या समाजकार्याच्या महाविद्यालयाच्या संचालिकेस तुरुंगांत जाऊन अहवाल देण्यास सांगितलें, आणि मग जे हुकूम केले त्यांतील एक अगदीं रुक्ष दिसणारा आहे : तुरुंगाधिकाऱ्यांनीं कच्च्या कैद्यांच्या याद्या, केव्हां आणला व कोणत्या आरोपावरून ह्या तपशिलासह, जिल्ह्याच्या मदत समितीकडे पाठवाव्यात, आणि पोलिसांनीं कोणास अटक केली कीं जवळच्या समितीस तत्काळ कळवावें. रुक्ष खरा, पण वकिलाची वाट पाहत बसलेल्या माणसाकडे वकिलालाच पाठविणारा हा पहिला मार्ग होय. १९८६ च्या सुक दास खटल्यांत तर, आरोपीनें वकील मागितला नाहीं ही सबबही न्यायालयानें काढून टाकली.

ह्या सर्वांचें फळ म्हणजे १९८७ चा विधिसेवा प्राधिकरण कायदा. तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजीं अमलांत आला. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति-जमाती, कामगार, अपंग, ह्यांच्याबरोबरच कोठडींत असलेल्या प्रत्येक माणसास, त्याचें उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागण्याचा हक्क मिळाला. जिल्ह्यास प्राधिकरण व तालुक्यास समिति झाली. १९८१ सालीं औरंगाबादेस (आतांचें छत्रपति संभाजीनगर) हायकोर्टाचें खंडपीठ बसल्यामुळें बीडच्या पक्षकाराची मुंबईची वाट त्यापूर्वींच वांचली होती. खालच्या न्यायालयांची भाषाही मराठी झाली. तरी एक उणीव राहिली. मोफत वकील मिळे तो यादीवरील. त्याचा स्वतःचा धंदा निराळा, मोफत खटल्याचें मानधन थोडें, आणि त्या खटल्याचे कागद त्याच्या घरच्या कपाटांत. वकील बदलला कीं कागद हरवले. फिर्यादी पक्षास सरकारी वकिलाची कचेरी, पोलीस ठाणें, रासायनिक प्रयोगशाळा अशीं तीन तीन दफ्तरें. आणि बचावास एक पिशवी. अनोखीलाल खटल्यांत २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयास असें आढळलें कीं, वकील नेमला त्याच दिवशीं आरोप ठेवले गेले आणि थोड्याच दिवसांत आरोपीस फांशीची शिक्षा झाली. वकील होता; मिसल वाचावयास त्याला वेळ नव्हता. न्यायालयानें ती शिक्षा रद्द करून खटला पुन्हां चालविण्यास सांगितलें, आणि अशा गंभीर प्रकरणांत तयारीस निदान सात दिवस द्यावेत असें ठरविलें.

ह्या पार्श्वभूमीवर २०२२ सालच्या राष्ट्रीय योजनेचें महत्त्व कळतें. तीअन्वयें जिल्ह्याजिल्ह्यांत फौजदारी बचावासाठीं पूर्ण वेळ काम करणाऱ्या वकिलांच्या कचेऱ्या निघाल्या. महाराष्ट्रांत त्यांस लोकअभिरक्षक म्हणतात. मुख्य, उपमुख्य व सहाय्यक अशा त्यांच्या पायऱ्या आहेत, आणि त्यांना खाजगी वकिली करतां येत नाहीं. शब्द नवा व थोडा जड आहे, पण हवा होता. कारण ‘सरकारी वकील’ म्हटला कीं आपल्याकडे आरोपीविरुद्ध उभा राहणारा वकील समजतात, आणि ‘सरकारनं दिलेला’ म्हणतांच गरीब मनुष्य मनांतून दचकतो. आमच्या दृष्टीनें ह्या योजनेंतील सर्वांत मोठी गोष्ट पगार ही नव्हे. कचेरी ही होय. खोली, कपाट, संगणक, लिहिणारा कारकून व टेबलावर टेलिफोन, हें सारें गरिबाच्या बचावास प्रथमच मिळालें. बचावास स्वतःचें दफ्तर मिळालें, म्हणजे स्मृति मिळाली. ही स्मृति अजून कच्ची आहे, कारण नेमणुका कराराच्या आहेत. वकील गेला तर निदान कागद मागें राहावा, एवढ्यासाठीं तरी संगणकांतील नोंदी नीट ठेवणें अगत्याचें आहे.

आतां तारीख. न्यायालयांच्या संगणकीकरणाची योजना २००७ सालीं सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा २०१५ पासून चालला आणि तिसऱ्यास २०२३ सालीं ७,२१० कोटि रुपयांची मंजुरी मिळाली. प्रत्येक खटल्यास सोळा अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळाला. तोच त्या म्हाताऱ्याच्या कागदावर होता. दूरच्या साक्षीदाराची साक्ष पडद्यावर घेतां येते, हें सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई ह्या खटल्यांत मान्य केलें होतें. २०२० च्या महामारीनें ती गोष्ट तालुक्यापर्यंत नेली. २०२१ च्या जुलैमध्यें आग्र्याच्या तुरुंगांतील तेरा कैदी, सर्वोच्च न्यायालयानें जामीन दिला असूनही, हुकुमाचा कागद टपालानें न आल्यामुळें आंतच राहिले. पूर्वीं संदेश नेणाऱ्या पारव्यांची आठवण सरन्यायाधीश रमणा यांनीं त्या वेळीं काढली, आणि पुढच्या वर्षीं हुकूम तुरुंगाकडे विजेच्या वेगानें धाडण्याची व्यवस्था सुरू झाली.

तारखेचें मोल बीड जिल्ह्यास जितकें कळावें तितकें क्वचितच कोणास कळेल. येथील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास घर सोडतो तो उन्हाळ्याच्या तोंडीं परततो. मधल्या काळांत त्याच्या नांवाची तारीख निघाली व तो हजर नसला, तर कोर्टास तो फरार दिसतो. वॉरंट निघतें, जामीनदाराच्या गळ्याशीं येतें, आणि साध्या मारामारीच्या खटल्यांतला मनुष्य तुरुंगांत जाऊन बसतो. त्याचा अपराध एवढाच कीं तारीख बीडला होती व तो उसाच्या फडांत होता. वकिलाच्या कचेरींतून एक फोन गेला, आणि वकिलानें वेळीं अर्ज केला, तर ही सारी परंपरा टळते. यंत्रानें गरिबाचें खरोखर भलें कोठें होतें असें कोणीं विचारलें, तर आम्ही हेंच उदाहरण देऊं.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेंत आरोपपत्राचे कागद आरोपीस चौदा दिवसांच्या आंत द्यावेत असें सांगितलें आहे, हें उत्तम. त्याबरोबरच, ते विद्युत् स्वरूपांत दिले तरी दिले असेंच समजावें, असेंही म्हटलें आहे. ‘समजावें’ ह्या शब्दाशीं आमचें मन अडखळतें. ज्याच्या घरीं एकच मोबाइल, तोही मुलगा कारखान्यावर घेऊन गेलेला. ज्याचा नंबर वर्षांत दोनदां बदलतो. ज्यास अक्षर वाचतां येत नाहीं. त्यास नक्कल ‘दिली’ म्हणजे काय झालें? १९७३ सालीं कचेरी म्हणाली होती, नक्कल पाठविली. आज यंत्र तेंच अधिक वेगानें म्हणेल. होसकोट खटल्यानें जी सही मागितली होती, तिच्या जागीं पडद्यावरची खूण आली, तर आपण पन्नास वर्षें पुढें गेलों असें म्हणावें कीं मागें?

दुसरी गोष्ट पुराव्याची. नव्या संहितेप्रमाणें झडतीचें चित्रीकरण होतें, आणि सात वर्षें वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनीं घटनास्थळीं जावें असें आहे. म्हणजे मिसलींत आतां कागदाबरोबर तासांचे तास चित्रण येणार. तें पाहावयास बचावाच्या कचेरींत यंत्र हवें, आणि यंत्राहूनही अधिक, तें बसून पाहणारा मनुष्य हवा. तिसरी गोष्ट अशी : पडद्यावरून हजेरी झाली कीं कैद्याची कोर्टाची वारी वांचते, हें खरें, पण कोर्टाच्या व्हरांड्यांत वकिलाशीं हळूच दोन शब्द बोलण्याची त्याची संधीही जाते. अमेरिकेंत गिडियन नांवाच्या एका निर्धन कैद्यानें तुरुंगांतील कागदावर पेन्सिलीनें लिहिलेल्या अर्जामुळें १९६३ सालीं तेथील गंभीर गुन्ह्यांतील गरीब आरोपींना वकिलाचा हक्क मिळाला. त्या पेन्सिलीइतकें साधें व खाजगी साधन कैद्यापाशीं राहिलेंच पाहिजे.

मग करावें काय? यंत्रें नकोत असें म्हणणारे आम्ही नव्हे. तीं आणखी हवींत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, यंत्र जेथें संपतें तेथें माणूस उभा करावा. बीडच्या कचेरींत तारीख दिसते; ती मांजरसुंब्याच्या फाट्यावर कोणीं सांगावयाची हा प्रश्न आहे. त्यासाठीं नवें खातें काढावयास नको. २००९ पासून विधि स्वयंसेवकांची योजना आहे. दाखले देणारीं सरकारी सेवा केंद्रें गांवोगांवीं आहेत. फाट्यासारख्या चार वाटांच्या ठिकाणीं आठवड्यांतून एक दिवस एक स्वयंसेवक बसावा, क्रमांक पाहून तारीख मराठींत मोठ्या अक्षरांत छापून द्यावी, वाचून दाखवावी आणि घेतल्याची सही वा अंगठा घ्यावा. ऊसतोडीस निघण्यापूर्वीं मजुरानें कारखान्याचें नांव व एक नंबर लोकअभिरक्षकाच्या कचेरींत नोंदवून जावें, म्हणजे त्याच्याकरितां अर्ज करणें सोपें होईल. ह्या गोष्टी लहान आहेत. परंतु नक्कल, यादी व तारीख ह्या तिन्ही गोष्टी लहानच असतात, आणि माणसें त्यांच्याच अभावीं तुरुंगांत पडतात.

आमच्या एस.टी.ची वेळ झाली तेव्हां म्हाताऱ्यानें आपला कागद पुन्हां पुढें केला. “पोरा, आता तू सांगितलंस, पण घरी जाईतो मी इसरन. लिहून दे ह्याच्यावर.” आमच्या विद्यार्थ्यानें मोबाइल खिशांत टाकला, आमच्याकडून पेन घेतलें, आणि कागदाच्या पाठीवर तारीख, वार व कोर्टाचें नांव ठळक अक्षरांत लिहून दिलें. म्हाताऱ्यानें तें दोनदां वाचून घेतलें, घडी करून पटक्यांत खोंवलें, आणि बीडच्या गाडीची वाट न पाहतां तो आपल्या गांवाच्या वाटेला लागला.